आमवात : फेल्डमन व मैनी यांचे संशोधन

आमवातात (संधिवाताभ संधिशोथ) सांधे सुजतात, दुखतात व झिजतात, याचे कारण शोधताना लंडनच्या केनेडी इन्स्टिट्यूटमधील मार्क फेल्डमन व मूळचे लुधियानाचे रविंदर मैनी यांनी रुग्णांच्या सांध्यांतील अस्तराच्या पेशी प्रयोगशाळेत तपासल्या. या पेशी दाह चेतवणारी अनेक प्रथिने (सायटोकाइन) सोडत असल्या, तरी त्यांपैकी ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर हे एकच प्रतिपिंडाने अडवले, की कूर्चेला घातक असलेले इंटरल्यूकिन-१ देखील घटते, असे १९८९ मध्ये दिसून आले. इतक्या प्रथिनांपैकी एकाला रोखून काय साधणार, ही तेव्हाची शंका रास्तच होती. परंतु १९९२ मध्ये चेअरिंग क्रॉस रुग्णालयात इन्फ्लिक्सिमॅब हे प्रतिपिंड दिलेल्या रुग्णांची सूज व वेदना ओसरली. परिणाम सरताच दुखणे उलटत असल्याने हा उपाय रोग आटोक्यात ठेवणारा आहे, समूळ बरा करणारा नव्हे. दोघांना २००३ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.