डॉक्टरच लसीला विरोध करतात तेव्हा : कार्यकर्त्यांनी काय तपासावे?

गुहागर तालुक्यातील हेदवी येथे लसीकरणाच्या दिवशी आम्ही वाडीतल्या आयाबहिणींशी बोलतो, तेव्हा एखादी तरी मोबाईल पुढे करते. मुंबईच्या चाकरमान्याने पाठवलेला व्हिडिओ असतो. त्यात एक डॉक्टर लस घेऊ नका, असे सांगत असतो. "हा पण डॉक्टरच ना? मग आशाताईचं खरं मानू की याचं?" हा प्रश्न रास्त आहे. अडाणीपणा म्हणून तो उडवून लावला, तर ती आई पुढच्या वेळी येत नाही. म्हणून ही माहिती.

सहमती म्हणजे काय?

वैज्ञानिक सहमती डॉक्टरांच्या मतदानाने ठरत नाही. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या गटांनी केलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष एकाच दिशेने जाऊ लागले की ती तयार होते. नवा पुरावा आला की ती बदलतेही. भारतात लसींबाबतची शिफारस राष्ट्रीय लसीकरण तांत्रिक सल्लागार गट करतो आणि निर्णय केंद्रीय आरोग्य मंत्रालय घेते.

विरोधी मत खरे ठरले तेव्हा

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःलाच टोचून घेतली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १० मार्चला, पुण्यात प्लेगग्रस्तांची सेवा करताना सावित्रीमाई फुले यांना मृत्यू आला.

१९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे ही लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. सरकारी चौकशीने मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठपका ठेवला आणि हाफकिन यांना पदावरून दूर केले. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी या निष्कर्षाला जाहीर विरोध केला. त्यांच्या हाती पुरावा होता. सर्व मृतांना एकाच बाटलीतील लस दिली होती आणि ती उघडताना वापरलेला चिमटा आधी जमिनीवर पडला होता. १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. परळची प्रयोगशाळा १९२५ पासून त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

विरोधी मत खोटे ठरले तेव्हा

१९९८ मध्ये ब्रिटनमधील डॉ. अँड्र्यू वेकफील्ड यांनी केवळ १२ मुलांच्या आधारे गोवर-गालगुंड-रुबेला लसीचा संबंध ऑटिझमशी जोडला. पुढे लाखो मुलांच्या अभ्यासात असा संबंध आढळला नाही. २०१० मध्ये 'लॅन्सेट' नियतकालिकाने तो लेख मागे घेतला आणि वेकफील्ड यांची वैद्यकीय नोंदणी रद्द झाली. तरी ती भीती आजही फिरते. २०२२ च्या अखेरीस गोवंडीत गोवर पसरला, तेव्हा लस न मिळालेली वस्तीतली मुले दगावली. अफवेची किंमत कोण मोजते, हे इथे दिसते.

न्यायालयाने काय सांगितले?

कोविड काळात बालरोगतज्ज्ञ आणि त्याच सल्लागार गटाचे माजी सदस्य डॉ. जेकब पुलियेल सर्वोच्च न्यायालयात गेले. न्या. एल. नागेश्वर राव आणि आपल्या अमरावतीचे न्या. भूषण गवई यांच्या खंडपीठाने २ मे २०२२ रोजी निकाल दिला. अनुच्छेद २१ नुसार कोणालाही सक्तीने लस देता येणार नाही. परंतु काही तज्ज्ञांचे मत वेगळे आहे एवढ्यावरून सरकारचे लस धोरण मनमानी ठरत नाही. लस न घेतलेल्यांवर घातलेले निर्बंध त्या वेळच्या माहितीवरून प्रमाणशीर ठरत नव्हते, म्हणून ते मागे घेण्याची सूचना झाली. लसीनंतरच्या दुष्परिणामांची माहिती लोकांसाठी खुली करण्याचा आदेशही झाला. या निकालातला फक्त आपल्या सोयीचा भाग दोन्ही बाजू सांगतात. तो पूर्ण सांगावा.

आपला अविश्वास कुठून येतो?

२००९-१० मध्ये आंध्रातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा येथे हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील एचपीव्ही लस प्रयोगादाखल दिली गेली. त्यात आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या. सात मुलींचा मृत्यू झाला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही, पण अनेक संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृह अधीक्षक आणि मुख्याध्यापकांच्या सह्या निघाल्या. २०१३ मध्ये संसदीय समितीने यावर कडक ताशेरे ओढले. लस उपयुक्त असते आणि तरीही ती देताना गरिबांचा हक्क डावलला जाऊ शकतो. या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या, तर लोक आपले ऐकतात.

व्हिडिओ आला की विचारायचे प्रश्न

- बोलणारा डॉक्टर याच विषयातला आहे का?
- तो आकडे आणि अभ्यास दाखवतो, की फक्त भीती?
- इतरांनी तपासल्यावर तेच निघाले का?
- लस न घेतल्याचा धोका तो सांगतो का?
- शेवटी तो स्वतःचे औषध विकतो का?

लसीनंतर बाळाला त्रास झाला, तर लगेच आशाताई किंवा आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे आणि त्याची नोंद झाल्याची खात्री करावी. ती नोंद मागणे हा आपला हक्क आहे.

कालाम सुत्ताचा दाखला देऊन "कुणाचंच ऐकू नका" म्हणणारेही भेटतात. तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना परंपरा, ऐकीव गोष्ट आणि गुरूचा मान यांवर विसंबू नका असे सांगितले. सोबत कशाने हित होते आणि कशाने अहित, हे स्वतः पारखायलाही सांगितले. ही कसोटी सरकारी परिपत्रकाला लागते, तशीच व्हिडिओतल्या डॉक्टरलाही लागते. पुढच्या लसीकरणाच्या दिवशी आपापल्या वाडीत अर्धा तास बसा आणि आयांचे प्रश्न ऐकून घ्या.

जय भीम!