सुताचें शेवटचें टोंक

विज्ञानाचा इतिहास लिहितांना आपल्याकडे दोन प्रकारचा अतिरेक होतो. सर्व कांहीं आपल्या पूर्वजांस ठाऊकच होतें असें सांगावयाचें, नाहीं तर आपल्या हातून कांहींच झालें नाहीं अशी कबुली देऊन मोकळें व्हावयाचें. पेशींच्या वार्धक्याविषयीं गेल्या शतकांत जो शोध लागला त्याची हकीकत ह्या दोहोंच्या मधली आहे, म्हणून ती येथें सांगावी असें आम्हांस वाटतें.

आमच्या भिवंडीच्या वाचकांस ह्या विषयाचें मर्म इतरांपेक्षां लवकर उमगेल. मागावर चढविलेल्या ताण्याचें शेवटचें सूत कधींच पुरतें विणलें जात नाहीं. फणीपलीकडे उरलेला भाग कापून टाकावा लागतो. पेशी दुभंगण्यापूर्वीं तिच्यांतील गुणसूत्रांची नक्कल होते, आणि तेथेंही नक्कल करणाऱ्या यंत्रणेस अगदीं टोंकापर्यंत पोंचतां येत नाहीं. प्रत्येक खेपेस थोडें सूत उणें होतें. ही अडचण १९७१ सालीं रशियांतील अलेक्सेय ओलोव्हनिकोव्ह ह्यांनीं व १९७२ सालीं जेम्स वॉटसन ह्यांनीं स्वतंत्रपणें मांडली. त्याच्या दहा वर्षें आधीं, १९६१ मध्यें, हेफ्लिक व मूरहेड ह्यांनीं दाखविलें होतें कीं, माणसाच्या निरोगी पेशी काचपात्रांत वाढविल्या तर सुमारें पन्नास वेळां दुभंगून त्या थांबतात. टोंकांचें नांव मात्र ह्याहून जुनें. हर्मन मुलर ह्यांनीं १९३८ सालीं 'शेवट' व 'भाग' ह्या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून 'टेलोमिअर' हा शब्द बनविला.

ह्या नामकरणानंतर पांच वर्षांनीं, १९४३ सालीं, कमल रणदिवे ह्या पुण्याच्या विदुषी सीताफळाच्या कुळांतील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास करून एम्. एस्सी. झाल्या. कन्येनें वैद्यक शिकावें व डॉक्टरासच वरावें अशी वडील दिनकरराव समर्थ ह्यांची इच्छा होती. ह्यांतलें कांहींच झालें नाहीं. त्यांनीं गणितज्ञाशीं विवाह केला, मुंबईस आल्या, आणि टाटा स्मारक रुग्णालयांत डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांच्या हाताखालीं काम करून १९४९ सालीं मुंबई विद्यापीठाच्या पीएच्. डी. झाल्या. पुढें बाल्टिमोर येथें जॉर्ज गे ह्यांच्या प्रयोगशाळेंत पेशी शरीराबाहेर जगविण्याची विद्या त्या शिकल्या.

ह्याच गे ह्यांच्याकडे १९५१ सालीं हेन्रिएटा लॅक्स नांवाच्या एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या कर्करोगाच्या पेशी आल्या, आणि त्या थांबेनात. बाई त्याच वर्षीं ऑक्टोबरांत वारल्या. पेशी आजतागायत वाढत आहेत. त्या घेतांना बाईंची संमति कोणीं विचारली नव्हती, व त्यांच्या मुलांस वीसएक वर्षें ह्याची वार्ताही नव्हती. एवढ्या मोठ्या विद्येच्या पायाशीं ही गोष्ट आहे, हें विसरून चालणार नाहीं.

कमलबाईंनीं स्वदेशीं परतून भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत पेशीसंवर्धनाची आपल्या देशांतील पहिली प्रयोगशाळा उभारली व उंदरांतील स्तनाच्या कर्करोगावर काम केलें. मात्र कर्करोगाच्या पेशींचें सूत संपत कां नाहीं, ह्याचें उत्तर त्या काळीं जगांत कोणाजवळच नव्हतें.

तें उत्तर डबक्यांतील एका सूक्ष्म जीवानें दिलें. टेट्राहायमिना ह्याचें नांव. एलिझाबेथ ब्लॅकबर्न ह्यांनीं १९७८ सालीं त्याच्या गुणसूत्रांच्या टोंकांशीं एकच लहान मजकूर पुनःपुन्हां लिहिलेला आढळल्याचें प्रसिद्ध केलें. त्यांची विद्यार्थिनी कॅरोल ग्रायडर हिला १९८४ सालच्या ऐन नाताळाच्या दिवशीं हीं टोंकें वाढविणाऱ्या विकराचा, म्हणजे एन्झाइमाचा, पहिला पुरावा दिसला. त्यास पुढें टेलोमरेज हें नांव पडलें. तुटक्या ताण्यास नवें सूत सांधावें तसें हें विकर टोंकास नवा तुकडा जोडतें. १९८९ सालीं तें लॅक्सबाईंच्या पेशींत सांपडलें. १९९४ सालीं गांठींचे १०१ नमुने तपासले, त्यांपैकीं ९० मध्यें तें होतें. त्याचा मुख्य भाग घडविणारें टर्ट हें जनुक १९९७ सालीं माणसांत हातीं लागलें. गंमत अशी कीं, टोंकें राखणारें हें जनुक स्वतः पांचव्या गुणसूत्राच्या टोंकाजवळच बसलें आहे. आपल्या बहुतेक पेशींत तें मुकें असतें. १९९८ सालीं तें निरोगी पेशींत जागें केलें, तेव्हां त्या नेहमींच्या मर्यादेपलीकडे दुभंगत राहिल्या.

एवढें ऐकून टोंकें लांबवून तारुण्य विकणारे व्यापारी पुढें आले आहेत. त्यांच्या जाहिराती ज्या घरांत येतात त्या घरांतील मंडळींनीं ९० व १०१ हे दोन आंकडे ध्यानांत ठेवावे.

कमलबाईंनीं हें विकर शोधलें असें कोणी लिहील तर तें असत्य होईल. परंतु ज्या कौशल्यावांचून तें माणसाच्या पेशींत सांपडलेंच नसतें, तें त्यांनीं परळांत आणून रुजविलें व विद्यार्थ्यांच्या हातीं दिलें, आणि हें श्रेय आम्हांस लहान वाटत नाहीं. १९८२ सालीं त्यांस पद्मभूषण मिळालें. २००१ सालीं त्या निवर्तल्या. ब्लॅकबर्न, ग्रायडर व झोस्टॅक ह्यांस नोबेल पारितोषिक मिळालें तें २००९ सालीं. लॅक्सबाईंच्या वारसांनीं त्या पेशींवर नफा कमावणाऱ्या एका अमेरिकन कंपनीवर २०२१ सालीं दावा लावला. २०२३ च्या ऑगस्टांत तडजोड झाली. तिच्या अटी गुप्त आहेत.