नवी यंत्रणा घेण्याआधी काय तपासायचं? हडपसरच्या बीआरटीने दिलेला धडा

हडपसर : सोसायटीत संगणक आले, ग्रामपंचायतीने आरओचं पाणी सुरू केलं की उद्घाटनाचे फोटो तासाभरात गावभर फिरतात. मशीन बंद पडल्याचा फोटो मात्र कुणी टाकत नाही. नवी यंत्रणा आपल्याला झेपेल का, परवडेल का, कोण चालवणार, हे आधी तपासण्याला सरकारी भाषेत 'व्यवहार्यता अभ्यास' म्हणतात. तो कच्चा राहिला की काय होतं, याचं पुणे जिल्ह्यातलं ठळक उदाहरण सोलापूर रस्त्यावरच आहे. दौंड, इंदापूर, उरुळी कांचनहून पुण्याला येणाऱ्यांचा हा रोजचा रस्ता.

कात्रज–स्वारगेट–हडपसर हा बीआरटीचा, म्हणजे जलद बससेवेचा पथदर्शी मार्ग. रस्त्याच्या मधोमध फक्त बससाठी राखीव मार्गिका, बस कोंडीत अडकणार नाही, मग लोक दुचाकी सोडून बसने जातील, असा साधा हिशेब. कात्रज ते स्वारगेट हा टप्पा डिसेंबर २००६ मध्ये सुरू झाला आणि हडपसरची बाजू पुढे जोडली गेली. देशातला हा पहिलाच प्रयोग होता. पैसा आला तो केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेतून, आणि ती योजनाच मुळात डिसेंबर २००५ ची. निधीची योजना जाहीर झाल्यापासून पहिली बस धावेपर्यंत जेमतेम वर्ष गेलं.

कल्पनेत खोट नव्हती. कोलंबियातल्या बोगोटा शहरात अशी सेवा २००० पासून धावत होती. घाई झाली ती आपल्याकडे. मार्ग सुरू झाला तेव्हा थांबे, सिग्नल, पादचाऱ्यांची सोय अशी बरीच कामं अर्धवट होती.

बसपर्यंत माणूस पोचणार कसा?

सगळ्यात मोठी अडचण निघाली ती रस्ता ओलांडण्याची. थांबा रस्त्याच्या मधोमध गेला म्हणजे प्रत्येक प्रवाशाला चढण्याआधी किंवा उतरल्यावर धावत्या वाहनांतून अर्धा रस्ता पार करायचा. डोक्यावर पाटी घेतलेली बाई, शाळेची पोरं, काठी टेकत चालणारे आजोबा, सगळेच त्यात आले. बस किती वेगाने जाईल याचं गणित मांडताना या माणसाला धरलं नाही तर ते गणित कागदावरच बरोबर येतं. अपघात होऊ लागले, तसा लोकांचा रोष वाढला. त्यात राखीव मार्गिकेत दुचाक्या-मोटारी घुसायच्या त्या घुसतच राहिल्या.

दुसरा प्रश्न मालकीचा. रस्ता बांधला महापालिकेने, बस पीएमटीच्या (२००७ मध्ये पीसीएमटीबरोबर विलीन होऊन तिची पीएमपीएमएल झाली), आणि घुसखोरी रोखायची वाहतूक पोलिसांनी. तिघांचं घर, पण झाडू कुणाच्या हातात, हे आधी ठरायला हवं होतं. शिवाय मार्गिका कितीही चांगली केली तरी पुरेशा आणि धडधाकट बस नसतील तर प्रवासी थांब्यावर ताटकळतच उभा राहतो. सोलापूर रस्त्यावरची मार्गिका पुढे तुकड्या-तुकड्यांत उरली.

अहमदाबादने २००९ मध्ये 'जनमार्ग' सुरू केला. त्यासाठी वेगळी कंपनी काढली, आराखड्याचं काम तिथल्या सेप्ट संस्थेकडे दिलं आणि सेवा खुली करण्याआधी चाचणी फेऱ्या घेतल्या. दिल्लीचा आंबेडकरनगर–मूलचंद मार्ग २००८ मध्ये सुरू झाला आणि २०१६ मध्ये उखडला गेला.

गावच्या सोसायटीचा हिशेब

हेच प्रश्न आता तालुक्या-तालुक्यात आहेत. केंद्राने जून २०२२ मध्ये देशभरातल्या सुमारे ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे आपल्या विकास सोसायट्यांच्या, संगणकीकरणाला मंजुरी दिली. त्यासाठी २,५१६ कोटींची तरतूद केली. संगणक आला तरी जुन्या खतावण्यांतले आकडे त्यात भरायचे कुणी? अनेक ठिकाणी एकाच गटसचिवाकडे दोन-तीन सोसायट्या असतात. मार्चअखेर वसुलीच्या धांदलीत नवी पद्धत सुरू करणं म्हणजे संकटाला आवतण. त्यापेक्षा खरीप कर्जवाटपापासून सुरुवात करावी, वर्षभर वही आणि संगणक दोन्ही चालू ठेवावेत आणि सभासदाची बाकी दोन्हीकडे जुळल्यावरच वही मिटावी. काम दुप्पट होतं, सचिव कुरकुरणार, पण शेतकऱ्याच्या नावावर चुकीची थकबाकी दिसण्यापेक्षा ते बरं.

आरओच्या बाबतीत पहिलं काम म्हणजे बोअरचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घेणं. पाण्यात क्षारच कमी असतील तर आरओची गरज नाही, साधी गाळणी आणि निर्जंतुकीकरण पुरतं. गरज असेलच तर वीजबिल, दर काही काळाने बदलायचा मेम्ब्रेन आणि बाहेर पडणारं खारं पाणी कुठे सोडायचं, हे दोन आकडे आणि एक जागा ग्रामसभेपुढे आधी ठेवावी. देणगीत मशीन मिळतं, मेम्ब्रेन मिळत नाही.

पुरवठादाराने दिलेल्या माहितीपत्रकाला अभ्यास समजण्याची चूकही सर्रास होते. विकणारा कधी 'तुम्हाला हे नको' असं म्हणणार नाही. त्यापेक्षा तेच मशीन दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या शेजारच्या गावात जावं आणि सरपंचांना नाही, तर ते चालवणाऱ्या ऑपरेटरला विचारावं.

हडपसरला आता मेट्रो येते आहे. खराडी–हडपसर–स्वारगेट–खडकवासला मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवतहून येणाऱ्या प्रवाशाने हडपसरला उतरून मेट्रोच्या जिन्यापर्यंत कसं पोचायचं, एसटी आणि पीएमपी नेमकी कुठे थांबणार, दुचाकी लावायची कुठे, याची उत्तरं खांब उभे राहण्याआधी मागता येतात.