माळढोकाचा मान

१९६३ साली मोर राष्ट्रपक्षी ठरला, तेव्हा सलीम अली यांनी माळढोकाचा पक्ष घेतला होता. मोराला लोकांनी जपलेच होते. माळढोक संकटात होता. पुढे १९८१ मध्ये राजस्थानने त्याला, तिकडच्या गोडावणाला, राज्यपक्षी केले. त्याआधी, १९७९ साली, आपणही सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य केले. मान मिळाला, पण माळ गेला! कुठे नांगर फिरला, कुठे विजेच्या तारा आल्या. हा जड पक्षी तारांवर आदळून मरतो. आणि मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. आज देशात जेमतेम १५० माळढोक उरले असतील. श्रोतेहो, बिरुद देणे सोपे. माळ मोकळा ठेवणे कठीण. आपण सोपे तेवढे केले.