प्लासिबो प्रतिसाद, दीर्घकालीन स्किझोफ्रेनियातील

औषधी द्रव्य नसलेली गोळी चालू असताना जुन्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या लक्षणांत दिसणारी सुधारणा (पहा : प्लासिबो, स्किझोफ्रेनिया). 1952 मध्ये पॅरिसमध्ये जाँ दले व प्येअर दनिकेर यांनी क्लोरप्रोमाझीन हे मनोविकारावरील औषध वापरल्यानंतर अशा औषधांची प्लासिबोशी तुलना रूढ होत गेली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या 1964 मधील अभ्यासात प्लासिबो गटातले काही रुग्णही सुधारले. ते मात्र तीव्र अवस्थेतले होते. आजार जितका जुना, तितका हा प्रतिसाद सहसा कमी. लक्षणांचे मोजमाप बहुधा ‘पॅन्स’ श्रेणीने (1987) होते : 30 बाबी, प्रत्येकीला 1 ते 7 गुण. लक्षणे मुळीच नसली तरी बेरीज 30 भरते. ती वजा न करता टक्केवारी काढली, तर सुधारणा आहे त्याहून कमी दिसते. गुणांतली सारी घट गोळीवरील विश्वासामुळे होत नाही. रुग्ण चाचणीत बसावा म्हणून सुरुवातीला चढे लावलेले गुण, लक्षणांचा आपसूक चढउतार आणि वाढलेली विचारपूस यांचाही तीत वाटा असतो. 1990 नंतरच्या चाचण्यांत हा प्रतिसाद वाढत गेल्याने औषधाचा फरक सिद्ध करणे अवघड झाले. प्लासिबो देण्यासाठी चालू औषध थांबवल्यास आजार उलटू शकतो. त्यामुळे संमती व काटेकोर देखरेख अत्यावश्यक असते (पहा : हेलसिंकी जाहीरनामा).