संदर्भचौकटींची जोडणी
एखाद्या स्थानाचे निर्देशांक ज्या आरंभबिंदूच्या व अक्षांच्या आधारे सांगितले जातात, त्या व्यवस्थेस संदर्भचौकट म्हणतात. एका चौकटीतील निर्देशांक दुसरीत नेण्यासाठी त्या दोहोंमधील अंतर व कोन ज्ञात असावे लागतात. हा संबंध म्हणजे चौकटींची जोडणी होय. ती तुटलेली वा चुकीची असल्यास अचूक मोजणीही निरुपयोगी ठरते, हे भूमापनाच्या इतिहासातून आणि अलीकडे फिरत्या यंत्रमानवांच्या अनुभवातून दिसून येते.

भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रारंभ विल्यम लँबटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून केला. १८२३ मध्ये हिंगणघाट (जि. वर्धा) येथे त्यांचे निधन झाल्यावर जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ते कार्य पुढे नेले. एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये मांडलेला पृथ्वीचा गोलाभ (विषुववृत्तीय त्रिज्या सु. ६,३७७.२८ किमी.) भारतीय नकाशांचा आधार ठरला, मध्य प्रदेशातील कल्याणपूर हे स्थानक त्या चौकटीचा आरंभबिंदू होय. बीदरजवळील दमरगिडा येथून मुंबईपर्यंत नेलेल्या त्रिकोणमालेमुळे दक्षिण महाराष्ट्र या चौकटीशी जोडला गेला. पंढरपूर तालुक्यातील करकंब हे गाव या पद्धतीच्या ‘४७ ओ’ या नकाशापत्रात येते.

महसुली मोजणीची परंपरा मात्र निराळी होती. गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये भीमेकाठच्या इंदापूर तालुक्यात सुरू केलेली पद्धती पुढे सोलापूर जिल्ह्यातही लागू झाली. तीत ३३ फुटी साखळी व शंकू यांच्या साहाय्याने शेताचे क्षेत्र काढीत. साखळीचे सोळा आणे, एका साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा आणि चाळीस गुंठे म्हणजे एक एकर, हे कोष्टक शेतकऱ्यास परिचित होते. क्षेत्रावरून सारा ठरे. शेत पृथ्वीवर नेमके कोठे आहे, हा प्रश्न त्यात नव्हता. त्यामुळे प्रत्येक गाव नकाशा ही जणू एक स्वतंत्र चौकट राहिली आणि लगतच्या शिवारांचे नकाशे एकत्र मांडताना त्यांच्या सीमा जुळेनाशा झाल्या.

उपग्रहांवर आधारित स्थाननिश्चितीने तिसरी चौकट आणली. जागतिक भूमापन प्रणाली (१९८४) ही पृथ्वीच्या वस्तुमानमध्याशी निगडित असून तिच्या गोलाभाची विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८.१३७ किमी. आहे. एकच अक्षांश-रेखांश जुन्या व नव्या चौकटींत मांडले असता करकंबच्या परिसरात शंभर मीटरांहून अधिक अंतर पडते. एक एकराच्या चौरस शेताची बाजू सु. ६४ मी. असते, म्हणजे रूपांतर न करता नकाशा व उपग्रहग्राही एकत्र वापरल्यास शेत दुसऱ्याच्या जमिनीत जाते. भारताच्या २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानुसार खुल्या नकाशामालेसाठी ही नवी चौकट स्वीकारण्यात आली.

फिरत्या यंत्रमानवात हाच प्रश्न सेकंदागणिक उद्भवतो. २००७ पासून विकसित झालेल्या ‘आरओएस’ या आज्ञावली-संचात चौकटींची जोडणी वृक्षाप्रमाणे मांडतात. नकाशा, चाकांच्या फेऱ्यांवरून काढलेली मार्गचौकट, यंत्रदेह व त्यावरील संवेदक अशी ही उतरंड असते. मार्गचौकटीत हालचाल सलग दिसते, पण चाके घसरल्याने तीत चूक साचत जाते. नकाशातील स्थान निश्चित असले, तरी ते मध्येच उडी घेऊ शकते. प्रत्येक चौकटीस एकच जनक असावा, असा दंडक आहे. यास्तव स्थाननिश्चिती करणारी आज्ञावली यंत्रदेह थेट नकाशास न जोडता नकाशा व मार्गचौकट यांमधील दुवा दुरुस्त करते.

दोषशोधनाचा क्रम यावरूनच ठरतो. प्रथम संपूर्ण वृक्ष रेखाटून तो एकसंध आहे की दोन तुकड्यांत विभागला आहे, हे पाहतात. नंतर एकाच दुव्यावर दोन आज्ञावली लिहीत नाहीत ना, रूपांतराची दिशा उलटी नाही ना आणि संवेदकाची जागा व कोन योग्य नोंदविला आहे ना, हे तपासतात. प्रत्येक रूपांतरावर काळाची नोंद असल्याने संगणकांची घड्याळेही जुळावी लागतात. अन्यथा दुवा असूनही त्या क्षणासाठी तो उपलब्ध होत नाही. ही तपासणी न करता संवेदक बदलणे म्हणजे नकाशांतील तफावतीसाठी साखळीला दोष देणे होय.