चुकीचा ठावठिकाणा

कर्जत-खालापूरच्या वर्गांत आगरी, ठाकरी, कातकरी बोली कानांवर घेत प्रमाण मराठी शिकवताना, प्रमाणाबाहेर नेमके काय राहून जाते हा प्रश्न आम्हांला नेहमी पडतो. तोच प्रश्न ब्राउझरच्या भाषेतही भेटावा, याचे नवल वाटले.

ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केपसाठी जावास्क्रिप्ट रचली. ‘एक्मास्क्रिप्ट’ हे तिचे प्रमाण व्याकरण. डिसेंबर १९९९ च्या तिसऱ्या आवृत्तीने चुकीला वस्तुरूप दिले, पण तिचे वर्णन करणारे गुणधर्म दोनच: ‘नेम’ आणि ‘मेसेज’. चूक कोणती ते कळे. घडली कुठे, ते नाही.

ही उणीव ब्राउझरांनी आपापल्या बोलीत भरून काढली. मोझिलाने ‘फाइलनेम’ व ‘लाइननंबर’ दिले. सफारीने त्यासाठीच ‘सोर्सयूआरएल’ व ‘लाइन’. इंटरनेट एक्स्प्लोररचा ‘नंबर’ मात्र ओळीचा नव्हे, चुकीचा क्रमांक सांगे. फसायला एवढे पुरे! कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले याची साखळी दाखवणारा ‘स्टॅक’ मोझिला, क्रोम, सफारी आणि २०१२ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर १० या सर्वांत आला. त्याची लेखनपद्धती मात्र एकसारखी झाली नाही.

२०२२ च्या आवृत्तीने ‘कॉज’, म्हणजे चुकीमागचे कारण, प्रमाणात घेतले. ज्याच्या आधारे रोज चुका शोधल्या जातात त्या ‘स्टॅक’ला २०२५ च्या आवृत्तीतही जागा मिळाली नाही.